भाड्यात धरलेलं

माणसाची नीतिमत्ता नेमकी कुठं तपासावी, याबद्दल थोरामोठ्यांत मतभेद आहेत. कुणी म्हणतं संकटात तपासावी, कुणी म्हणतं सत्तेच्या खुर्चीवर बसवून तपासावी. माझं मत विचाराल (कुणी विचारत नाही, म्हणून तर लिहावं लागतं) तर ती मोठ्या हॉटेलच्या न्हाणीघरात तपासावी. दार आतून बंद, आपण एकटे, समोर भिंतभर आरसा, आणि काचेच्या फळीवर ओळीनं मांडलेल्या साबणाच्या इवल्या वड्या, शाम्पूच्या बाटल्या, कंगवा, दाढीचं सामान. या वस्तू आपल्या की हॉटेलच्या? आणि आपल्या असतील, तर किती आपल्या?

सदतीस वर्षं मी बँकेत काढली. संध्याकाळी रोकड एक रुपयानं कमी भरली तर मी सगळी शाखा थांबवून ठेवत असे. एक रुपया जास्त भरला तरी थांबवत असे. लोक मागं शिव्या देत. पण प्रामाणिक म्हणून देत. असा मी, पणजीच्या बाजूच्या त्या समुद्रकाठच्या हॉटेलात पाऊल ठेवल्यापासून तासाभराच्या आत साबणाच्या चार वड्या माझ्या मोज्यात घालून बॅगेच्या तळाशी सरकवून मोकळा झालो.

"अहो, हे काय?" सौ. म्हणाली.

"अगं, हे भाड्यात धरलेलं असतं," मी म्हणालो.

"मग मोज्यात कशाला?"

बायकांना व्यवहार कळत नाही असं म्हणणारा माणूस बहुधा अविवाहित असावा. स्वतःची वस्तू कुणी मोज्यात लपवत नाही, हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण तेव्हा मी खोलीतली इतर भाड्यात धरलेली माणसं आणि वस्तू मोजण्यात गुंतलो होतो.

आम्ही तिथं आलो ते मुलीच्या कृपेनं. आमचं लग्न १९८३ च्या डिसेंबरातलं. लग्नानंतर आम्ही एस्टीनं गोव्याला आलो होतो. त्याच्या आदल्याच महिन्यात राष्ट्रकुलाचे सगळे पुढारी दिल्लीच्या परिषदेतून दोन घटका विश्रांतीला गोव्यात येऊन गेले होते. ते कुठल्या हॉटेलात उतरले हे गाडीतला प्रत्येक माणूस आम्हांला सांगत होता. आम्ही उतरलो बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये. तिथं माणशी एक बादली गरम पाणी मिळे आणि साबण ज्याचा त्यानं आणायचा असे. मिरामारला बसनं जायचं, वाळूत बसायचं, घरून नेलेला चिवडा खायचा आणि अंधार पडला की परत. खर्च सगळा एका छोट्या वहीत लिहिलेला आहे. बेरीज बरोबर आहे.

त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली म्हणून २०२३ च्या डिसेंबरात मुलीनं आम्हांला तीन रात्रींचं हे हॉटेल भेट दिलं. भाडं किती ते सांगायला तयार नव्हती. मी ते जावयाकडून काढून घेतलं आणि रात्रभर झोपलो नाही. एका रात्रीचं भाडं माझ्या नोकरीच्या पहिल्या सालातल्या बाराही महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त होतं! म्हणजे वर्षभर मान मोडून खाती लिहायची आणि मिळालेल्या पैशात एक रात्र झोपायचं. तेही झोप लागली तर.

भाडं कळलेल्या माणसाला विश्रांती मिळत नाही. त्याला वसुली सुचते. पहिल्या सकाळी मी पोहण्याच्या तलावाच्या काठी जाऊन नुसता उभा राहिलो. मला पोहता येत नाही, पण तलाव भाड्यात धरलेला होता. व्यायामशाळेत जाऊन एक वजन उचललं आणि ठेवलं. नाश्त्याच्या वेळी तर धर्मसंकटच होतं. नेमकी चतुर्थी होती आणि सौ.चा उपास होता. तिच्या वाटणीचा नाश्ता भाड्यात धरलेला, आणि ती नुसता कॉफीचा पेला घेऊन समुद्राकडे बघत बसलेली. अर्धांगाचं कर्तव्य म्हणून तिच्या वाटणीचंही मीच खाल्लं. पोटानं नकार दिल्यावर समोरच्या मोठ्या ताटातले बेबिंकाचे चार तुकडे मी हॉटेलच्या कापडी रुमालात गुंडाळून खिशात घातले. बेबिंका ही फार कष्टाची चीज. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, आणि एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. एवढं कुणीतरी खपून केलेलं ताटात उरलं तर तो अन्नाचा अपमान. माणूस चोरी करायला निघाला की त्याला अन्नाचा अपमान, गरिबांची भूक, निसर्गाची हानी असे फार उदात्त विचार सुचतात.

आता समुद्र. तोही भाड्यात धरलेला आहे, अशी माझी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खात्री झाली होती. वाळूवर हॉटेलच्या आरामखुर्च्या होत्या, वर झापांच्या छत्र्या, आणि एका खुर्चीत मी. समोर पाणी. एवढ्यात कडेच्या वाटेनं एक मोठा परिवार आला. आजी, चार बायका, सहा पोरं, एक वरातीत असल्यासारखा पुढे चालणारा माणूस. त्यांनी बरोबर माझ्या आणि क्षितिजाच्या मध्ये सतरंजी अंथरली आणि भेळेची पुडकी सोडली. माझ्या मनात पहिला शब्द आला तो असा: "आता हे कुठून आले?"

रखवालदारानं शिट्टी फुंकली. ते लोक थोडे सरकले. मला बरं वाटलं. मग आजीनं पदर डोक्यावरून घेतला आणि डब्यातला चिवडा पोरांच्या हातावर घालायला सुरुवात केली, तेव्हा मात्र खुर्ची टोचायला लागली. चाळीस वर्षांपूर्वी मिरामारच्या वाळूत हेच तर आम्ही होतो! दीड दिवसात मी पाहुण्याचा जहागीरदार झालो होतो.

खरं म्हणजे समुद्र कुणाच्या बापाचा नाही, हे माणसाला फार पूर्वीच कळलेलं आहे. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियन यानं कायदा लिहवून घेतला, त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ सगळ्यांच्या सामाईक मालकीचे असं नमूद आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९६ साली हेच तत्त्व आपलंसं केलं: असल्या गोष्टींचं सरकार मालक नाही, नुसतं विश्वस्त आहे. गोव्यातल्याच एका किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेचा तंटा त्या कोर्टापर्यंत गेला आणि २००९ साली लोकांच्या बाजूनं निकाल लागला. म्हणजे ज्याच्यासाठी मी भाडं भरत होतो (मी कुठला, जावई भरत होता) तो समुद्र त्या आजीला फुकट होता, आणि दोघींतिघांना मिळून सारखाच ओला लागत होता. माझ्या भाड्यात फक्त खुर्ची धरलेली होती. आणि शिट्टी.

इथवर प्रकरण विनोदी होतं. यापुढे त्या पोराची गोष्ट आहे.

आमची खोली आवरायला एक पोरगा यायचा. वीस-बावीस वर्षांचा, सडपातळ, छातीवर नावाचा बिल्ला. नाव मी वाचलं होतं, पण इथं लिहीत नाही. त्याची नोकरी चालू असावी अशी माझी इच्छा आहे. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "गुड मॉर्निंग सर, हाउसकीपिंग." सौ. आतून म्हणाली, "ये रे बाळा." झालं! बाळा म्हटल्यावर त्याचं इंग्रजी गळून पडलं. "काकानू, तुमी खंयसून इलास?" त्यानं विचारलं. वेंगुर्ल्याकडचा होता. घरी आई, धाकटी बहीण, चार कलमं. आमच्या सौ.चं आजोळ सावंतवाडीचं. मग काय विचारता! गप्पा सुरू झाल्या. दोन दिवसांत आम्हांला त्याच्या घरच्या गाईचं नाव माहीत झालं.

सौ.ला एक खोड आहे. दुसऱ्यानं आपलं अंथरूण काढायचं, ही कल्पनाच तिला सहन होत नाही. म्हणून तो यायच्या आत ती पलंग ठाकठीक करून, टॉवेल घडी घालून, न्हाणीघर पुसूनसुद्धा ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो चाचरत म्हणाला, "काकीनू, तुमी आवरू नकात. सुपरवायझर म्हणतलो, हेका काय काम नाय." ती वरमली. आपल्या चांगुलपणानं दुसऱ्याची भाकरी धोक्यात येते, हे शाळेत कुणी शिकवत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जिवावर उदार होऊन उशी जरा तिरकी करून ठेवली.

पण आपल्याला काहीतरी करायला हवं, हा किडा दोघांच्याही डोक्यात वळवळत होताच. तसा तो वळवळला की मध्यमवर्गीय माणूस खायला देतो. दुसऱ्या संध्याकाळी तो टॉवेल बदलायला आला, तेव्हा सौ.नं ते बेबिंकाचं पुडकं त्याच्या पुढे केलं. "हे बहिणीला ने."

"नको काकीनू."

"अरे घे रे. लाजतोस काय?"

"नको. गेटार पिशी बघतत."

हे वाक्य त्यानं स्पष्ट उच्चारलं होतं. मी ऐकलं, तिनंही ऐकलं. पण आपल्याकडे 'नको' या शब्दाला अर्थ नसतो. पहिलं नको हे शिष्टाचाराचं, दुसरं संकोचाचं, तिसऱ्यानंतर माणूस घेतो; जावई, भटजी, व्याही सगळे असेच घेतात. आयुष्यभर आपण आग्रह करत आलो आणि आग्रह म्हणजे प्रेम अशी समजूत करून बसलो. समोरच्या माणसाचं नको भीतीपोटी असू शकतं, हे ओळखायला कानाला वेगळी सवय लागते. मीही मोठेपणानं म्हणालो, "घे. काही होत नाही. मी आहे ना."

मी आहे ना! आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा उच्चारलं आहे. ते उच्चारताना पुढं नेमकं कुठं असावं लागणार, याची चौकशी मी कधी केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं तर दुसराच मुलगा. "तो कुठाय?" सौ.नं विचारलं. मुलगा आधी बोलेना. मग म्हणाला, "ऑफिसात बसवलाय. पिशवीत हॉटेलचा नॅपकिन सापडला."

खोलीत शांतता पसरली. समुद्राचा आवाज तेवढा येत होता, भाड्यात धरलेला.

आता करायचं काय ते उघड होतं. उठायचं, ऑफिसात जायचं आणि सांगायचं की ते मी दिलं. पण 'मी दिलं' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्हांला कुठून मिळालं? म्हणजे सदतीस वर्षांच्या प्रामाणिक नोकरीनंतर, परक्या गावात, टायवाल्या माणसासमोर मला कबूल करावं लागणार की नाश्त्याच्या टेबलावरून मी चार तुकडे खिशात घातले. मी बूट शोधू लागलो. बूट समोरच होते. मी मोजे शोधू लागलो. मोज्यात साबण होता.

प्रशियात कान्ट नावाचा एक फार मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. कुठल्याही माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे, असं त्यानं १७८५ साली लिहून ठेवलं. त्याचा लांपे नावाचा एक जुना नोकर होता. तो सुमारे चाळीस वर्षं त्याला रोज पहाटे पाचला उठवत असे. म्हातारपणी कान्टनं त्याला १८०२ साली काढून टाकलं, आणि मग स्वतःसाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली, की लांपे हे नाव आता पार विसरून जायचं. विसरण्यासाठी चिठ्ठी! मला हा माणूस त्याच्या ग्रंथापेक्षा या चिठ्ठीमुळे जवळचा वाटतो. तत्त्व सापडणं अवघड असेल. पण ते सापडल्यावर पहाटे पाचला उठवणाऱ्या माणसाला लावणं त्याहून अवघड. मोजे हातात धरून मी त्या सकाळी कान्टपेक्षा वेगळं काही करत नव्हतो. फक्त त्याच्याकडे ग्रंथ होता, माझ्याकडे साबण.

"तुम्ही जाताय का मी जाऊ?" सौ. म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या हळू आवाजात ती बोललेली मला आठवत नाही.

मी गेलो. मॅनेजर गोड माणूस होता. टेबलावर पुरावा मांडलेला: रुमाल, त्यात चार तुकडे, रात्रभरात त्यांना तेल सुटलेलं. कोपऱ्यात तो पोरगा उभा. त्याला मी प्रथमच त्याच्या स्वतःच्या कपड्यांत बघत होतो. निळा शर्ट होता, कोपरावर विटलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"हे मी त्याला दिलं," मी म्हणालो. "तो नको म्हणत होता. आम्ही जबरदस्ती केली. आणि हे मी नाश्त्याच्या टेबलावरून उचललं होतं. रुमालासकट." शेवटचे दोन शब्द बोलताना घसा कोरडा पडला, पण निघाले.

मला वाटलं होतं, आता माझी शोभा होणार. मॅनेजर हसला. "सर, काही प्रॉब्लेम नाही! तुम्ही गेस्ट आहात. तुम्हांला चालतं."

"मग मी दिलेलं त्याला का चालत नाही?"

"सर, सिस्टीम आहे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या शाखेतही सिस्टीम होती. शिपायाची पिशवी संध्याकाळी दारात उघडून बघत. माझी कधी कुणी बघितली नाही. त्या पिशवीतून माझ्या मुलीच्या शाळेसाठी किती पेन्सिली आणि किती कागद घरी गेले, ते माझ्या त्या बरोबर बेरजेच्या वहीत लिहिलेलं नाही. सदतीस वर्षांत मला ते खटकलं नव्हतं. बेबिंकाचे तेच चार तुकडे. माझ्या खिशात काटकसर आणि त्याच्या पिशवीत चोरी. वस्तू बदलली नव्हती, खिसा बदलला होता.

मी कागद मागितला आणि बँकेच्या भाषेत लिहून दिलं, की सदर खाद्यपदार्थ सदर कर्मचाऱ्यास मी स्वखुशीने दिला असून त्याबाबत त्याची कोणतीही जबाबदारी नाही. सही केली, तारीख घातली, खोली क्रमांक घातला. पोराला ताकीद देऊन सोडलं. कामावर ठेवलं. सर्व काही छान झालं.

तासाभरानं आमच्या खोलीत एक खोकं आलं. अख्खी बेबिंका, वर फीत, आणि हॉटेलच्या शुभेच्छांचं कार्ड. आम्हांला! ज्याच्या पिशवीत चार तुकडे चालले नाहीत, त्याच्याच हातून ते खोकं त्यांनी वर पाठवलं होतं. दारात उभा राहून तो म्हणाला, "विथ कॉम्प्लिमेंट्स, सर."

सर. सौ.लाही त्यानं 'मॅडम' म्हटलं. रागानं नव्हे, राग असता तर बरं झालं असतं. फक्त एक पाऊल मागं सरून, जिथं त्याला धोका नव्हता तिथं जाऊन तो उभा राहिला होता.

संध्याकाळी हिशेब चुकता करताना मी बिल ओळ न ओळ वाचलं. सगळं बरोबर होतं. खोली, कर, एक लिंबू सोडा. 'काकानू' कुठल्याच ओळीत नव्हतं. ते भाड्यात धरलेलं नव्हतं. सबंध हॉटेलात तेवढी एकच वस्तू मला खरोखर फुकट मिळाली होती आणि नेमकी तीच मी हाताळून खराब केली. हल्ली मला वाटतं, चूक देण्यात नव्हती. त्याचं 'नको' आम्ही घेतलं नाही, ही चूक. त्यानं आम्हांला दिलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं, आणि आम्ही ते शिष्टाचार समजून परत केलं. आपल्या चांगुलपणाची किंमत समोरच्याला किती पडेल, हे आधी त्याला विचारावं आणि तो सांगेल ते खरं मानावं. एवढं केलं तरी पुष्कळ झालं. कान्ट वाचला नाही तरी चालेल.

निघताना मी साबणाच्या चारही वड्या परत काचेच्या फळीवर मांडल्या. सौ. बघत होती. "उघडलेल्या खोलीतलं सामान ते टाकूनच देत असतील," ती म्हणाली. असेल. पश्चात्तापातसुद्धा माझी नासाडी सुटत नाही. त्या पोराच्या हातात मी पाकीट ठेवलं, पैसे गेटवर चालतात हे आधी त्याला विचारून. "थँक्यू सर," तो म्हणाला.

आमची टॅक्सी गेटबाहेर पडून वळणावर आली, तर पलीकडे बसथांब्यावर तो उभा. त्याची पाळी संपली होती. तोच निळा शर्ट, खांद्याला पिशवी. मी काच खाली केली आणि हात हलवला. त्याच वेळी मागून कदंबाची बस येत होती. त्यानंही हात वर केला.

तो मला केला होता की बसला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सौ. म्हणते, "तुम्हालाच." पण ती पहिल्यापासून आग्रही आहे.